ग्रेटिंगवर रेषा किती, हा प्रश्न शेवटी विचारायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे २०० मिमी व्यासाची एफ/६ न्यूटनी दुर्बीण आहे, ट्रॅकिंग असलेल्या विषुववृत्तीय माउंटवर, शाळेच्या धाब्यावर. कॅमेरा मोनो, ३.७६ मायक्रॉन पिक्सेल, ३००८ × ३००८. स्लिट, म्हणजे बारीक फट, असलेला वर्णपटमापी (ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून मोजणारे यंत्र) घरीच बनवायचा आहे. प्रकाश रंगांत पसरवते ती ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेषांची पाटी. २५ मिमी चौरस ग्रेटिंग मिमीमागे ३००, ६००, १२०० आणि २४०० रेषांच्या मिळतात. आज एकच परवडेल. ताऱ्यांचे वर्ग मुलांना दाखवायचे आहेत, बी-उत्सर्जन ताऱ्यांची (वर्णपटात उजळ रेषा दाखवणाऱ्या बी वर्गाच्या ताऱ्यांची) हायड्रोजन अल्फा ही तांबडी रेषा नोंदवायची आहे आणि एखादा नोव्हा, म्हणजे अचानक उजळणारा तारा, आला तर तो सोडायचा नाही. सर विचारतात, "सगळ्यात जास्त रेषांची घेतली की सगळ्यात बारीक दिसेल ना?"

सर, ६०० रेषांची, ५०० नॅनोमीटरला ब्लेझ केलेली (त्या तरंगलांबीच्या आसपास जास्त प्रकाश देणारी), रूल्ड म्हणजे रेषा तासलेल्या प्रकारची घ्या. २४०० ची सध्या घेऊ नका. कारणे लांबलचक आहेत, पण ती समजली तर पुढची ग्रेटिंग तुम्ही स्वतःच निवडाल.

पुस्तकात विभेदन क्षमता (जवळच्या दोन तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची ताकद) म्हणजे ऑर्डर, अर्थात ग्रेटिंगने पाडलेला कितवा वर्णपट, गुणिले उजळलेल्या रेषांची एकूण संख्या. २५ मिमी गुणिले २४०० म्हणजे ६०,०००. आकडा खरा आहे, पण तो स्लिट जवळजवळ शून्य रुंदीची असेल तेव्हाचा. दुर्बिणीवर स्लिटची रुंदी तारा ठरवतो. तुमचे नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एक आर्कसेकंद ५.८ मायक्रॉनचा. मैदानी मुलखात, त्यातही दिवसभर तापलेल्या स्लॅबवर, तारा ३ आर्कसेकंदांचा धरून चालावे. तो झाला साडेसतरा मायक्रॉन. २५ मायक्रॉनच्या स्लिटमधून त्याचा सुमारे ९० टक्के प्रकाश आत जातो. हौसेने १० मायक्रॉनची लावली तर निम्मा प्रकाश स्लिटच्या पात्यांवरच राहतो, शिवाय ट्रॅकिंग जरा ढळले की उरलेलाही जातो. तेव्हा २५ मायक्रॉन हा आकडा पक्का. बाकी सगळे हिशेब त्याच्यापुढे वाकतात.

हिशेब करायचा तो असा: स्लिटची रुंदी भागिले कॉलिमेटरचे (स्लिटमधून आलेला प्रकाश समांतर करणाऱ्या लेन्सचे) नाभीय अंतर, गुणिले आपाती कोनाचा कोसाइन, गुणिले दोन रेषांमधले अंतर. पहिल्या ऑर्डरमध्ये वेगळ्या ओळखू येणाऱ्या दोन तरंगलांबींतला फरक मिळतो. तरंगलांबीला त्याने भागले की तुमचे खरे विभेदन.

कॉलिमेटर १०० मिमी नाभीय अंतराचा, २५ मिमी व्यासाचा ॲक्रोमॅट (रंगदोष कमी केलेली लेन्स) घ्या. एफ/६ चा शंकू त्यातून १६.७ मिमीच्या समांतर झोताने बाहेर पडेल. काठाला जागा उरते, ती हवीच. कॉलिमेटर आणि कॅमेरा-लेन्स यांच्यातला कोन ३०° ठेवा. त्याहून कमी केला तर लेन्सची नळी कॉलिमेटरच्या झोतात घुसते.

आता एक तुलना नीट पाहा, कारण निवड इथेच होते. ३०० रेषांची ग्रेटिंग आणि कॅमेऱ्यापुढे १०० मिमीची लेन्स: ५५० नॅनोमीटरला विभेदन सुमारे ७००, आणि ११.३ मिमीच्या सेन्सरवर ३७० नॅनोमीटरचा पट्टा. आता ६०० रेषांची ग्रेटिंग आणि पुढे ५० मिमीची लेन्स: पट्टा ३७५ नॅनोमीटर, म्हणजे तेवढाच. पण विभेदन १४५०, दुप्पट. प्रकाश तोच, सेन्सर तोच. मग हा फायदा आला कुठून? पहिल्या जोडणीत २५ मायक्रॉनच्या स्लिटची प्रतिमा सेन्सरवर २४ मायक्रॉनची पडत होती, सव्वासहा पिक्सेल. एक रेषा दाखवायला तीन पिक्सेल पुरतात, बाकीचे नुसते बसून होते. दुसऱ्या जोडणीत प्रतिमा साडेअकरा मायक्रॉनची झाली, बरोबर तीन पिक्सेल. अपस्करण, म्हणजे रंगांचे पसरणे, वाढले म्हणजे विभेदन वाढले असे नव्हे. रेषा जितकी पसरते तितकीच स्लिटची प्रतिमाही पसरत असेल, तर हाती फक्त लांबलचक, फिका वर्णपट येतो.

म्हणून आधी स्लिट, मग कॉलिमेटर, मग स्लिटची प्रतिमा दोन-तीन पिक्सेलांत बसवणारी कॅमेरा-लेन्स, मग किती पट्टा हवा ते. आणि हे सगळे झाल्यावर रेषांची संख्या आपोआप समोर येते.

५० मिमीची लेन्स म्हणजे फिल्म कॅमेऱ्याची जुनी एफ/१.८. जुन्या बाजारात सहज मिळते. एम-४२ स्क्रूची असेल तर माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी ठेवा म्हणजे अनंतावरचा फोकस जुळतो. लेन्स एफ/२ वर ठेवा. एफ/२.८ वर तिचे छिद्र १८ मिमीच्या आत येते, आणि ग्रेटिंगवरून निघणारा झोत तिरकेपणामुळे रुंदावून १८.३ मिमी झालेला असतो. काठ कापला जातो. लेन्स ग्रेटिंगच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, नाहीतर वर्णपटाची निळी आणि तांबडी टोके अंधारतात. जुन्या लेन्सची प्रतिमा एफ/२ वर कडेला जराशी सांडतेच, त्यामुळे कागदावरचे १४५० प्रत्यक्षात १००० ते १२०० धरा. ताऱ्यांचे वर्ग ओळखायला ते भरपूर झाले.

२४०० बद्दल आता. त्याच सांगाड्यात १०० मिमीची कॅमेरा-लेन्स लावून हायड्रोजन अल्फाला, ६५६.३ नॅनोमीटरला, आपाती कोन ६९.६° येतो. विभेदन १८,०००, आकडा देखणा. पण एवढ्या तिरक्या ग्रेटिंगवर १६.७ मिमीचा झोत ४८ मिमी पसरतो आणि तुमची ग्रेटिंग २५ मिमीची. एक-तृतीयांशाहून जास्त प्रकाश तिच्या दोन्ही बाजूंनी निघून डब्याच्या भिंतीवर आदळतो, आणि तोच पुढे धुरकट पार्श्वभूमी होऊन वर्णपटात येतो. पट्टा उरतो फक्त ३६ नॅनोमीटरचा; त्यात हायड्रोजन अल्फा आली की बीटा नाही. आणखी एक भिंत आहे: ग्रेटिंगच्या समीकरणात दोन साइनांची बेरीज दोनच्या पुढे जात नाही, म्हणून २४०० रेषांची ग्रेटिंग ८३३ नॅनोमीटरपलीकडे काहीच दाखवू शकत नाही. ८५० च्या आसपास सुरू होणारी कॅल्शियमची त्रिरेषा तिच्यासाठी अस्तित्वातच नाही.

२४०० वाईट आहे असे नव्हे. ख्रिस्तियाँ ब्यूइ यांच्या सोल-एक्स या सूर्यासाठीच्या वर्णपटमापीच्या रचनेत तीच आहे: ८० मिमीचा कॉलिमेटर, १२५ मिमीची लेन्स, १० मायक्रॉनची स्लिट. तिथे काम सूर्यावर चालते, प्रकाशाला तोटा नाही. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याकडे सूर्याची उधळपट्टी चालत नाही.

किती फरक पडतो त्याचा ढोबळ हिशेब. शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून पिवळ्या-हिरव्या भागात दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरला, दर अँगस्ट्रॉमला सुमारे १००० फोटॉन येतात. दुय्यम आरशाची सावली वजा जाता तुमचा आरसा २९० चौरस सेंटीमीटरचा. हवा, आरसे, स्लिट, ग्रेटिंग, लेन्स, सेन्सर अशी सगळी गळती धरून शेवटी दहा टक्के हाती येतात असे माना. सहाव्या प्रतीच्या ताऱ्यावर ६०० ची ग्रेटिंग लावली तर दर विभेदन-घटकाला (वेगळ्या ओळखू येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याला) १०,००० मोजणी, म्हणजे संकेत-गोंगाट गुणोत्तर १००, सुमारे २३ सेकंदांत. २४०० वर तेच सहा मिनिटांच्या वर. सहा मिनिटे कुणालाही चालतील. पण दहाव्या प्रतीला दोन्ही आकड्यांना चाळीसने गुणा. उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरिॲलिस, १८६६ आणि १९४६ साली उफाळलेला, शांत असताना साधारण दहाव्या प्रतीचा असतो. ६०० वर पंधरा मिनिटे, २४०० वर चार तासांहून जास्त. चार तास सलग ट्रॅकिंग, त्यात भारनियमन, त्यात कुणीतरी धाब्यावरचा दिवा लावणार.

मग १२०० का नको? खरी चुरस हिच्याशीच आहे. तुमच्याच सांगाड्यात, त्याच ५० मिमीच्या लेन्सवर ती कागदावर ३४०० विभेदन देते, पट्टा १८७ नॅनोमीटरचा, आणि मध्य ५७१ वर ठेवला तर हायड्रोजन बीटा (४८६.१) आणि अल्फा एकाच फ्रेममध्ये कशाबशा मावतात. वेगाच्या भाषेत ३४०० विभेदन म्हणजे सेकंदाला ९० किमी. बी-उत्सर्जन ताऱ्यांच्या रेषा काही शे किमी रुंद असतात, तेव्हा त्यांची दोन शिखरे वेगळी दिसू लागतात. शर्मिष्ठेतला गॅमा, सेकी यांनी १८६६ मध्ये उत्सर्जन रेषा पाहिलेला तारा, आणि अनुराधा नक्षत्रातला डेल्टा स्कॉर्पी, जो २००० सालापासून उत्सर्जन दाखवतो, या दोघांसाठी १२०० च चांगली. पण पहिली ग्रेटिंग म्हणून ती अडचणीची आहे: एका फ्रेममध्ये निळा-जांभळा भाग येत नाही, म्हणजे कॅल्शियमच्या के आणि एच रेषा नाहीत, आणि वर्ग ओळखायला मुलांना त्या लागतातच. कोन बदलून दोनदा फोटो घ्यायचा तर दोनदा अंशशोधन, म्हणजे पिक्सेल आणि तरंगलांबी यांची जुळणी. म्हणून १२०० दुसऱ्या वर्षी. तिची सोय मात्र आजच करा: ग्रेटिंगची बैठक फिरती ठेवा. ६०० साठी ती मधल्या रेषेपासून सुमारे १०° वळते, १२०० साठी २१° ते २४°. शून्य ते ३०° फिरेल आणि कुठेही घट्ट कसता येईल अशी बनवा.

कसण्याबद्दल कंजूषपणा नको. या जोडणीत ग्रेटिंग ८ आर्कसेकंद हलली की वर्णपट एक पिक्सेल सरकतो. एका स्क्रूवर तोललेली बैठक दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताच तेवढी झुकतेच.

ब्लेझ. रेषांचे दात एका बाजूला कलते कापलेले असतात, त्यामुळे बहुतेक प्रकाश एकाच ऑर्डरमध्ये, एका तरंगलांबीच्या आसपास फेकला जातो. ६०० रेषा आणि ५०० नॅनोमीटर म्हटले की दाताचा कोन ८.६°. यादीतला आकडा झोत आल्या वाटेने परत जातो तेव्हाचा असतो. तुमच्या ३०° च्या जोडणीत तो साडेतीन टक्क्यांनी घसरून ४८३ होतो. घसरला ते बरेच. ब्लेझच्या निळ्या बाजूला कार्यक्षमता झपकन पडते, तांबड्या बाजूला हळूहळू. दोन-तृतीयांशापासून दुपटीच्या जरा आतपर्यंतचा पल्ला कामाचा धरतात. शिवाय निळ्यात काच, हवा आणि सेन्सर तिघेही हात आखडते घेतात. त्यामुळे ७५० ची मिळतेय म्हणून घेऊ नका. शंका असेल तेव्हा निळ्याकडची.

ग्रेटिंगच्या पाठीवर किंवा कडेला ब्लेझची दिशा दाखवणारा बाण असतो, पण तो कुठून कुठे मोजायचा यात वेगवेगळ्या बनावटीत गोंधळ आहे. बाणावर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर बारीक फट पाडलेल्या टॉर्चचा झोत ग्रेटिंगवर पाडा आणि सरळ परावर्तित ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचे पहिले वर्णपट पाहा. एक स्पष्टपणे जास्त उजळ असेल. तोच कॅमेऱ्याकडे गेला पाहिजे. उलटी बसलेली ग्रेटिंग "काम करते", म्हणून तर चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. फक्त तारे फिके वाटतात.

दुसरी अशीच लपलेली चूक: ग्रेटिंगचा चेहरा कुणाकडे? तो जवळजवळ सरळ कॅमेऱ्याकडे आणि तिरका कॉलिमेटरकडे हवा. आपाती कोन २५°, विवर्तन कोन ५°. असे ठेवले की स्लिटची प्रतिमा नऊ टक्के अरुंद होते. उलट ठेवले तर तितकीच रुंद. वरचे सगळे आकडे पहिल्या पद्धतीचे आहेत.

रूल्ड की होलोग्राफिक (लेसरच्या प्रकाशाने रेषा उमटवलेली)? ६०० साठी रूल्ड. दात तासलेले असल्याने प्रकाश जास्त मिळतो. किंचित भुताटकी-रेषा येतात, त्या तेजस्वी उत्सर्जन रेषेच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर दिसतात म्हणून ओळखू येतात. २४०० कधी घेतलीत तर ती होलोग्राफिक असेल, आणि तिथे तीच योग्य. व्हीपीएच जातीच्या पारगामी, म्हणजे प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या, ग्रेटिंगचे नाव ऐकू येईल. उत्तम असतात, किंमतही तशीच, आणि कोन बदलला की सांगाडाच बदलावा लागतो. ग्रिझम, म्हणजे प्रिझमवर चिकटवलेली ग्रेटिंग, पुण्याच्या आयुका संस्थेच्या गिरवली इथल्या २ मीटर दुर्बिणीवरच्या आयफॉस्क या यंत्रात आहे. घरी बनवायच्या यंत्रात नको. प्लास्टिक फिल्म आणि सीडी मुलांच्या हातात द्या, खुशाल. सीडीचे घर १.६ मायक्रॉनचे, म्हणजे ६२५ रेषा. ट्यूबलाईटचा वर्णपट झकास दिसतो. पण तिच्या रेषा गोल आहेत आणि पृष्ठभाग लाटांचा, ताऱ्याला तिचा उपयोग नाही.

दुसऱ्या ऑर्डरची भेसळ: पहिल्या ऑर्डरच्या ७६० वर दुसऱ्या ऑर्डरची ३८० येऊन बसते. ३७५ ते ७५० च्या पट्ट्यात जुन्या लेन्सची काचच निळ्याच्या पलीकडचे बरेचसे गाळते, त्यामुळे तिथे काळजी नाही. तांबड्याकडे सरकून ७००–१००० घ्यायचे ठरवाल तेव्हा ४९५ नॅनोमीटरच्या खालचे अडवणारा पिवळा फिल्टर लावा. तो कॉलिमेटर आणि ग्रेटिंगच्या मध्ये, समांतर झोतात, किंचित तिरका. स्लिटच्या आधी लावला तर काचेच्या जाडीच्या एक-तृतीयांशाने फोकस मागे जातो आणि मग तारा स्लिटवर का जुळत नाही म्हणून रात्र जाते.

आता आपल्याकडचे हवामान. विकत मिळणारी ग्रेटिंग बहुधा प्रतिकृती असते: काचेवर राळेचा थर, त्यावर दात, त्यावर ॲल्युमिनियम. बोट लागले की संपले. पुसायचे नाही, ॲसिटोन नाही, तोंडाने फुंकायचेही नाही. रबरी फुग्याने हवा मारा आणि उरलेली धूळ तशीच राहू द्या. चार कण दिसतात तेवढे नुकसान करत नाहीत, पुसण्याचा एकच ओरखडा करतो. कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगजवळच्या गावात हवेत तंतू तरंगतात. ग्रेटिंगची डबी धाब्यावर उघडूच नका, खोलीत बसवून यंत्र बंद करूनच वर न्या. उन्हाळ्यात यंत्र कूलरसमोर ठेवू नका. थंड ठेवल्यासारखे वाटते, पण बोअरच्या खारट पाण्याचा ओलसर वारा ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके पाडतो. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, निळ्या-गुलाबी सिलिका जेलसह. जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्या. लेन्सला बुरशी धरते ती याच चार महिन्यांत.

सांगाडा थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको. ते ६० अंशांच्या आतच मऊ पडू लागते, आणि नवतप्यात टिनाच्या खोलीत बंद गाडीसारखी धग असते. पीईटीजी किंवा सरळ ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमसुद्धा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत २० अंश उतरले की ५० मिमीमागे २३ मायक्रॉन आकसते, १८.३ मिमीच्या झोताच्या एफ/२.७ शंकूत रेषा दोन पिक्सेलांनी पसरते. मध्यरात्री एकदा फोकस परत पाहा.

ग्रेटिंग बैठकीला चिकटवताना मागे तीनच ठिपके, न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचे. सगळी पाठ ताठ गोंदाने भरली तर काचेवर ताण येऊन रेषा वाकतात. आंबट वासाचे सिलिकॉन घेऊ नका, त्याची वाफ बंद डब्यात ॲल्युमिनियमला खाते. घट्ट होण्याआधी ग्रेटिंगच्या रेषा स्लिटला समांतर करून घ्या. नाहीतर वर्णपट सेन्सरवर तिरपा पडतो आणि वर्णपटातल्या रेषाही कलतात. कॅमेरा फिरवून पहिले सुधारता येते, दुसरे नाही.

मागवताना सहा गोष्टी लिहून द्या: ६०० रेषा, ब्लेझ ५०० नॅनोमीटर, २५ × २५ मिमी, रूल्ड, परावर्तक, ॲल्युमिनियम लेप. सोन्याचा लेप अवरक्तासाठी असतो. निळ्यात तो प्रकाश गिळतो.

पार्सल आले की पहिली चाचणी वीजवाल्याच्या टेस्टरवर. त्यातला छोटा तांबूस दिवा निऑनचा असतो. तो स्लिटसमोर धरा आणि ५८५.२५ व ६४०.२२ नॅनोमीटरच्या दोन ठळक रेषांमधले अंतर मोजा. ५० मिमीच्या लेन्सवर ते ४४० पिक्सेलांच्या आसपास यायला हवे. २२० आले तर ३०० रेषांची ग्रेटिंग पाठवली आहे. डबी सील करून परत करा. रेषेची रुंदी तीनच्या जागी पाच पिक्सेल भरली तर आधी कॉलिमेटरचा फोकस तपासा, ग्रेटिंगवर संशय नंतर.